शिकाऊ नजरेचे ऋण

वैद्यकाच्या शाखांमध्ये रेडिओलॉजी ही निव्वळ पाहण्याची शाखा म्हणून ओळखली जाते. शल्यवैद्याच्या हाताचे कौशल्य आपल्याला दिसते, औषध देणाऱ्या डॉक्टरांचे ज्ञान त्यांच्या प्रश्नांतून कळते. रेडिओलॉजिस्ट मात्र पुष्कळदा रुग्णाच्या दृष्टीसही पडत नाही. तो पडद्यासमोर बसून चित्रे पाहतो आणि चार-सहा ओळींचा अहवाल लिहितो. तो लिफाफा घेऊन आपण पुढच्या डॉक्टरांकडे जातो. आतली सही कोणाची, ती करणारा पाहावयास कोठे शिकला आणि कोणाच्या शरीरावर शिकला, हे प्रश्न आपल्या मनात येत नाहीत. या लेखात आम्हांला त्यांचाच विचार करावयाचा आहे. कारण अलीकडे या शाखेच्या शिक्षणात जे बदल होत आहेत, त्यांतून वैद्यकापुरता मर्यादित न राहणारा एक नैतिक प्रश्न उभा राहिला आहे. शिकणाऱ्याच्या चुकांची किंमत कोणी मोजावी, आणि ती कोणीच मोजावयाची नाही असे ठरविले तर पुढच्या पिढीला जाणती नजर कोठून मिळावी, असा तो प्रश्न आहे.

विल्हेल्म रॉन्टजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताची जी छाया टिपली, तीतील बोटांची हाडे आणि अंगठी ओळखण्यास तज्ज्ञाची गरज नव्हती. पुढे चित्र गुंतागुंतीचे होत गेले. १९७१ साली लंडनजवळच्या विंबल्डन येथील रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला; त्यानंतर एमआरआय आला. आज एकेका तपासणीत शेकडो चित्रे निघतात आणि त्यांतील एखाद्याच चित्राच्या कोपऱ्यात रोगाची चाहूल असते. ती ओळखण्यासाठी आपल्याकडे एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षांचा एम. डी. चा अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत एका वर्षाच्या उमेदवारीनंतर चार वर्षे याच शाखेत काढावी लागतात. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत वरचे क्रमांक मिळविणारे आपल्याकडील अनेक विद्यार्थी आज पहिली पसंती रेडिओलॉजीला देतात. प्राप्ती बरी, रात्री-अपरात्री धावाधाव इतर शाखांच्या मानाने कमी, आणि नव्या तंत्रज्ञानाचे आकर्षण, ही त्याची कारणे सांगितली जातात. ती खरीही असतील. परंतु जागा मिळविणे वेगळे आणि नजर मिळविणे वेगळे.

नजर म्हणजे डोळ्यांची शक्ती असती, तर चष्म्याने काम भागले असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगाची येथे आठवण होते. २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन देऊन फुप्फुसातील लहान गाठी शोधावयास सांगितले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचे एक चित्र बेमालूम घालून ठेवले होते. ते सामान्य गाठीच्या ४८ पट मोठे होते. तरीही ८३ टक्के तज्ज्ञांना ते दिसले नाही. डोळ्यांच्या हालचाली नोंदविल्या तेव्हा असे आढळले, की न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची दृष्टी त्या जागेवरून प्रत्यक्ष फिरली होती. यावरून तज्ज्ञांना हसण्याचे कारण नाही. ते गाठी शोधत होते आणि त्या कामात सामान्य माणसापेक्षा कितीतरी सरस होते. बोध एवढाच घ्यावयाचा, की मनाने जे शोधायला घेतले असेल, ते डोळा पाहतो. म्हणून पाहण्याचे शिक्षण हे अपेक्षेचे, संशयाचे आणि आपल्याच निष्कर्षाकडे पुन्हा वळून पाहण्याच्या सवयीचे शिक्षण असते.

ही सवय कशी लागते, हे कळण्यासाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण पुरेसे आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घराण्यांच्या पेटाऱ्यांत मोडी कागद अजूनही सापडतात. मोडी वाचावयास शिकणाऱ्यासमोर मूळ कागद आणि त्याचे बाळबोध लिप्यंतर शेजारी शेजारी ठेवले, तर काय होते? डोळा सुखाचा मार्ग धरतो. बाळबोध ओळ वाचून तो मोडी ओळीकडे पाहतो आणि ‘हो, असेच आहे’ असे म्हणतो. अशी शंभर पाने उलटली तरी शंभरएकावे पान त्याला वाचता येत नाही. उलट, लिप्यंतर झाकून ठेवून ज्याने एकेका अक्षराशी झटापट केली, चुकीचे वाचून पाहिले, ते कागदावर लिहिले आणि मग झाकण उचलून आपली चूक पाहिली, त्याची मोडी पक्की होते. म्हणजे दोन गोष्टी लागतात. उत्तर माहीत नसताना स्वतःचे उत्तर देण्याची सक्ती, ही पहिली. आणि ते उत्तर बरोबर की चूक हे नंतर नेमके कळणे, ही दुसरी. यांपैकी एक जरी गळली, तरी शिक्षण लंगडे राहते.

मोडी कागद चुकीचा वाचला तर फार तर एखादा तर्क फसेल. क्ष-किरणाचे चित्र चुकीचे वाचले तर एका माणसाचा कर्करोग सहा महिने उशिरा कळतो. नैतिक पेच येथेच आहे. चुकल्यावाचून शिकता येत नाही, आणि येथे चूक दुसऱ्याच्या देहावर उमटते.

या विद्येच्या पहिल्या पिढीने ती किंमत स्वतःच्या देहाने मोजली होती. किरणांचा अपाय ठाऊक नसताना ज्यांनी वर्षानुवर्षे आपले हात त्यांच्यासमोर धरले, त्यांपैकी कित्येकांची बोटे गेली, कित्येकांचे प्राण गेले. १९३६ साली जर्मनीतील हँबर्ग येथे अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर प्रारंभी १६९ नावे कोरलेली होती. स्वतः रॉन्टजेन यांनी आपल्या शोधाचे एकस्व घेण्याचे नाकारले. म्हणजे आजच्या विद्यार्थ्याच्या हाती येणारी विद्या कोणाच्या तरी त्यागाने मोकळी झालेली आहे. पुढे शिसे आणि नियम यांनी डॉक्टरांचे रक्षण केले, ते योग्यच झाले. पण शिकण्याची किंमत नाहीशी झाली नाही. ती रुग्णाकडे सरकली. आणि सगळ्या रुग्णांकडे सारखी सरकली असेही नाही. आपल्या देशात निवासी डॉक्टर शिकतात ते मोठ्या प्रमाणावर शासकीय रुग्णालयांत, जेथे पैसे देऊन दुसरीकडे जाण्याची ज्यांची ऐपत नाही असे लोक रांगेत उभे असतात. त्यांच्या यकृताच्या, गर्भाशयाच्या, फुप्फुसांच्या प्रतिमांवर नजर घडते. आणि घडलेली नजर पुष्कळदा शहरातील खाजगी केंद्रात, आपल्यासारख्यांच्या सेवेसाठी जाते. गरिबाने शिकवावे आणि सधनाने फळ घ्यावे, असा हा व्यवहार आहे. तो कोणी दुष्टपणे रचलेला नाही. परंतु त्याकडे पाहण्याचे टाळणे हे मात्र आपले करणे आहे.

मग शिकणाऱ्याला चुकूच देऊ नये, हा मार्ग कसा वाटतो? अमेरिकेत त्या दिशेने बरीच वाटचाल झाली आहे. पूर्वी तेथे रात्रीच्या पाळीत निवासी डॉक्टर एकटा अहवाल देत असे आणि सकाळी वरिष्ठ तो तपासत. आता अनेक शिक्षण-रुग्णालयांत वरिष्ठ तज्ज्ञ रात्रीही हजर असतात. रुग्णाच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि तेथील शिक्षक चिंता व्यक्त करतात ती अशी, की ज्याने कधीच एकट्याने निर्णय दिला नाही, तो पदवी मिळताच अचानक एकटा पडतो. परीक्षेच्या बाबतीतही असेच घडले. परीक्षकासमोर बसून, चित्र पाहून, तत्काळ तोंडी उत्तर देण्याची जुनी परीक्षा तेथील मंडळाने मागे टाकली आणि २०१३ पासून संगणकावरील नवी परीक्षा आणली. दहा वर्षांनी, २०२३ साली, त्याच मंडळाने २०२८ पासून तोंडी परीक्षा पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले. पर्यायांतून उत्तर निवडणे आणि स्वतःचे उत्तर शब्दांत मांडून त्यामागे उभे राहणे यांतील अंतर त्यांना जाणवले असावे.

आपल्याकडचे दुखणे उलट्या बाजूचे आहे. गर्दीच्या शासकीय रुग्णालयांत निवासी डॉक्टरला उत्तर देण्याची सक्ती पुरेपूर असते. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर रांग लागलेली, आत दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, आणि वरिष्ठ दुसऱ्याच विभागात अडकलेले, हे दृश्य अपवादात्मक नाही. पण त्याने दिलेल्या उत्तराचे पुढे काय झाले? ज्याला त्याने अपेंडिसायटिस म्हटले, त्याच्या शस्त्रक्रियेत काय निघाले? ज्या गाठीला त्याने निरुपद्रवी ठरविले, तिच्या तुकड्याच्या तपासणीत काय आढळले? शस्त्रक्रियेची नोंद एका वहीत, विकृतिशास्त्राचा अहवाल दुसऱ्या विभागात, आणि रुग्ण आपल्या गावी. झाकण उचललेच जात नाही. चूक झाली तर ती रुग्णाने सोसली. पण तिच्यापासून जे शिकावयाचे तेही शिकले गेले नाही. किंमत मोजूनही माल हाती न येणे, याहून वाईट व्यवहार कोणता?

या दोन्ही उणिवांच्या जोडीला आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. २०१६ साली जेफ्री हिंटन या नामांकित शास्त्रज्ञाने असे सुचविले होते, की नवे रेडिओलॉजिस्ट घडविणे आताच थांबवावे. पाचेक वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्रे त्यांच्याहून सरस ठरतील. २०२४ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु हे भाकीत त्या मुदतीत खरे ठरले नाही. ब्रिटनमध्ये रेडिओलॉजिस्टांचे रॉयल कॉलेज आजही तज्ज्ञांच्या तुटवड्याविषयी इशारे देत आहे. तरीही यंत्राला हसून बाजूला सारणे हा अप्रामाणिकपणा होईल. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने, १५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये क्षयरोगाच्या चाळणीसाठी छातीची चित्रे संगणक-प्रणालीने वाचण्यास मान्यता दिली. जेथे रेडिओलॉजिस्ट पोहोचतच नाही अशा तालुक्याच्या गावी ही प्रणाली वरदान ठरू शकते. स्वीडनमध्ये ८० हजारांवर स्त्रियांच्या एका चाचणीत सुमारे निम्म्यांच्या स्तन-तपासणीत यंत्राची मदत घेतली, तेव्हा कर्करोग शोधण्यात उणेपणा आला नाही आणि चित्रे वाचण्याचे काम सुमारे ४४ टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. आज उपचार घेणाऱ्या रुग्णाचे हित पाहिले, तर यंत्र नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही.

प्रश्न उद्याच्या रुग्णाचा आहे. जर्मनीतील एका प्रयोगात, तोही २०२३ सालचाच, २७ रेडिओलॉजिस्टना स्तनांची ५० चित्रे दाखविली गेली आणि प्रत्येक चित्रासोबत ‘यंत्राचे मत’ म्हणून एक वर्गवारी दिली गेली. काही चित्रांत ते मत मुद्दाम चुकीचे ठेवले होते. मत बरोबर असताना अननुभवी वाचकांची उत्तरे सुमारे ८० टक्के बरोबर आली. मत चुकीचे असताना सुमारे २० टक्के. अतिशय अनुभवी वाचकांचेही पाऊल घसरले, पण ८२ टक्क्यांवरून ४५ च्या आसपास येऊन ते थांबले. शेजारी बाळबोध ओळ ठेवल्याचा हा परिणाम आहे. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की अनुभवींना जे थोडे संरक्षण मिळाले, ते त्यांनी यंत्र येण्यापूर्वी डोळे झिजवून कमावलेले होते. ते पूर्वसंचित आहे. आपण आज व्याजावर जगत आहोत, आणि मुद्दलात भर घालणारे शिक्षणच सैल करीत आहोत.

सैल होण्याची आणखी एक वाट कमी दिसणारी आहे. रोग ओळखावयास शिकण्यापूर्वी निरोगीपण ओळखावे लागते. त्यासाठी हजारो साधी, निर्दोष चित्रे नजरेखालून जावी लागतात. बरगडी कोणाची किती वाकडी असते, हृदयाची छाया वयानुसार कशी बदलते, हे त्यांतूनच अंगवळणी पडते. निर्दोष छातीची चित्रे डॉक्टरांविना आपली आपण निकालात काढणाऱ्या प्रणालीला युरोपात २०२२ साली मान्यता मिळाली. कामाच्या सोयीने पाहता ही गोष्ट उत्तम. परंतु ज्या चित्रांत ‘काही नाही’, त्यांतच नवशिक्याचे अर्धे शिक्षण असते.

यावर कोणी म्हणेल, की हा जुन्याचा मोह आहे. पाढे गेले, लॉगची कोष्टके गेली, गणित बुडाले नाही. मग चित्रे वाचण्याची कला यंत्राकडे गेली तर बिघडले कोठे? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु बेरजेचे उत्तर तपासण्यास बेरजेचे नियम आपल्यापाशी असतात आणि ते कोणालाही लावता येतात. फुप्फुसातील सावलीचा असा नियम नाही. यंत्र चुकले हे सांगण्यासाठी त्याच्याइतके किंवा त्याच्याहून निराळे पाहू शकणारा माणूस लागतो. आणि दुसरे असे, की चुकीबद्दल यंत्राला लाज वाटत नाही, त्याची झोप उडत नाही, ते रुग्णाच्या मुलाला तोंड देत नाही. अहवालाखालची सही माणसाची असते. ज्याला स्वतःला पाहता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या पाहण्याखाली सही करणे हे जबाबदारीचे सोंग होय.

पाहणे ही जबाबदारी आहे, हे भारतीय रेडिओलॉजिस्टला वेगळ्याने सांगावे लागू नये. गर्भलिंगनिदानाच्या इतिहासाने ते सांगून ठेवले आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसते ते सांगितल्याने किती मुली जन्माला आल्या नाहीत, याची जाणीव देशाला हळूहळू झाली. महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध पहिला कायदा केला; १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ च्या प्रारंभी अंमलात आला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४५ होती, ती २००१ साली ९२७ वर आली, हे त्या काळाचे चित्र. आज आपल्याकडील विद्यार्थी सोनोग्राफी शिकताना हेही शिकतो, की दिसलेले सगळे सांगावयाचे नसते. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीचा ‘एफ’ नमुना भरताना त्याला आपल्या मौनाखाली सही करावी लागते. पडद्यावरील ठिपके ओळखणे यंत्राला जमेल. काय सांगावे आणि काय सांगू नये, याचे उत्तर देण्यास मात्र कोणीतरी बांधलेला असावा लागतो, आणि ते बंधन शिक्षणातूनच अंगी येते.

आपल्या परंपरेत माणूस ऋणे घेऊनच जन्मतो असे मानले आहे. त्यांतले ऋषिऋण विद्येचे. ते पैशाने फिटत नाही, शिकून आणि शिकवून फिटते. रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यावर त्याच्या जोडीला रुग्णाचेही ऋण आहे, कारण त्याचा ग्रंथ म्हणजे रुग्णाचा देह. हे ऋण मान्य केले तर कर्तव्ये बरीच स्पष्ट होतात. यंत्र असावे, पण विद्यार्थ्याने आपले मत आधी लिहून ठेवावे आणि मगच यंत्राचे मत उघडावे. निर्दोष चित्रांचा ठरावीक वाटा शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. शस्त्रक्रियेचे आणि विकृतिशास्त्राचे निष्कर्ष अहवाल लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरपर्यंत परत यावेत. यास महागडी यंत्रे लागत नाहीत, दोन विभागांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसणे लागते. शिक्षकाने शिकविण्यास दिलेला वेळ हे काम म्हणून मोजले जावे. ‘येथे विद्यार्थी शिकतात, त्यांच्यामागे वरिष्ठ उभे आहेत’ हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले जावे. न विचारता घेतलेले दान ही उचल असते. २०२० सालच्या नियमाने प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आवश्यक केले आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांना काही परत करण्याची ती लहानशी संधी आहे. विद्यार्थ्यांनी ती शिक्षा समजू नये आणि व्यवस्थेने तिचा उपचार करू नये.

ऋणाचा एक भाग आपल्याकडेही येतो. गोव्यात १८४२ पासून वैद्यकाचे शिक्षण चालत आले; ग्वाल्हेरला १९४६ साली, बडोद्याला १९४९ साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. आमच्या समाजातील कित्येक घरांतून मुले-मुली अशा संस्थांत शिकून डॉक्टर झाली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु स्वतः आजारी पडलो की आपण शिकाऊ हात टाळून थेट नावाजलेल्या केंद्रात जातो. आपल्या घरच्या मुलाने इतरांच्या देहावर शिकावे आणि आपला देह मात्र कोणाच्या शिकण्याच्या कामी येऊ नये, ही अपेक्षा न्यायाची नाही. स्वतःला धोक्यात घालावे असे येथे कोणी सुचवीत नाही. वरिष्ठांच्या देखरेखीखाली एखाद्या निवासी डॉक्टरने आपली सोनोग्राफी प्रथम करावी, आपले मत सांगावे, मग वरिष्ठांनी ती पुन्हा करावी, यात आपला अर्धा तास जास्त जातो आणि पोटावरचे जेल दोनदा पुसावे लागते. उद्या आपल्या नातवंडांचा अहवाल वाचणारी नजर त्या अर्ध्या तासांतून घडणार आहे. एवढे देणे आपल्याला परवडण्यासारखे आहे.